पालखी जेजुरीला होती तेव्हाचा ताप

शनिवार, रात्री

आमच्या ताप-सर्वेक्षणाच्या फॉर्मवर नाव-वय झालं की लगेच प्रश्न येतो, ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, आणि पुरंदरच्या वाड्यांवर आज दिवसभर याच एका प्रश्नाशी आमची झटापट चालली होती. तारीख कोणालाच सांगता येत नाही. आठवत नाही असं मुळीच नाही, उलट लख्ख आठवतं, फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरने नाही. एक आजी म्हणाल्या, "पालखी जेजुरीला मुक्कामाला व्हती का नाय, त्याच्या दुसऱ्या दिशी अंग तापलं बघ." मग मी आणि आशाताई मोबाईलवर पालखीचं वेळापत्रक उघडून बसलो. आज तापाचा आठवा दिवस निघाला.

आता आठवा दिवस म्हणजे सगळंच बदलतं. डेंगीची एनएस-१ टेस्ट रक्तात विषाणूचंच प्रथिन शोधते, ती साधारण पहिल्या पाच दिवसांत कामाची, त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, बघायचं. फ्लूसाठी घशाचा स्वॅब पहिल्या तीन-चार दिवसांत घेतला तर ठीक, आठवड्यानंतर मोठ्या माणसाच्या घशात शोधायला फारसं काही उरत नाही. म्हणून आजींचं फक्त रक्त घेतलं, आणि नातवाला कालच ताप आलेला म्हणून त्याचा स्वॅब पण, रक्त पण (त्याने असं भोकाड पसरलं की पुढच्या घरातली पोरं आम्हाला बघून पळालीच). आजींनी "झाले की दोन-तीन दिवस" असं मोघम सांगितलं असतं आणि आम्ही तेच लिहून नुसती एनएस-१ केली असती, तर रिपोर्ट बहुतेक निगेटिव्ह आला असता आणि खरंच डेंगी असला तरी कागदावर "डेंगी नाही" एवढंच राहिलं असतं. साथीच्या आलेखातला एक ठिपका असा गायब होतो, कुणाला कळतही नाही.

आजींची स्वतःची खात्री आहे की पालखीच्या गर्दीतच लागण झाली. फ्लू असेल तर जमतं, एक ते चार दिवसांत ताप येतो. डेंगी असेल तर डास चावून चार ते दहा दिवस झालेले असणार, म्हणजे पालखी जवळ यायच्या आधीच घरातल्या पिंपाशेजारी काम झालेलं. आणि आपल्याकडे दोन्ही एकाच वेळी येतात हीच तर गंमत, युरोपात फ्लू थंडीतला आजार, पुण्याकडे त्याची मोठी लाट पावसात, नेमकी डेंगी-चिकनगुनियाच्या मोसमात. लोक फ्लूची लस ऑक्टोबरात घेतात, मला विचाराल तर मे महिना बरा.

पिंपांचं काय बोलायचं. नळाला पाणी रोज येत नाही तिथे "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा" हे सांगायला माझी तर जीभ रेटत नाही. त्यात एडिसची, म्हणजे डेंगी पसरवणाऱ्या डासाची, अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी राहू शकतात, त्यामुळे पाणी नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. एका बाईंनी लगेच काथ्या घेऊन घासून दाखवलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या.

२०२१ च्या जुलैत याच तालुक्यात, बेलसरला, तापाची साथ आली तेव्हा रक्ताचे नमुने एनआयव्हीला (पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था) गेले आणि महाराष्ट्रातला पहिला झिका, हाही एडिस डासानेच पसरणारा विषाणू, सापडला. गावात चिकनगुनिया आणि डेंगी पण होता. कुणीतरी नमुने वेळेत घेऊन पाठवले म्हणून ते कळलं. जीनोम सिक्वेन्सिंगची, म्हणजे विषाणूचा जनुकीय क्रम वाचण्याची, बातमी होते, ताप कितव्या दिवसाचा हे विचारत फिरणाऱ्या आशाताईची होत नाही, असो.

२०१० साठीचा एक प्रसिद्ध अंदाज आहे की जगात वर्षाला ३९ कोटी डेंगीचे संसर्ग होतात आणि त्यातले साडेनऊ कोटींच्या आसपासच आजार म्हणून दिसतात. २०१७-१८ च्या देशव्यापी सर्वेत जवळजवळ निम्म्या लोकांच्या रक्तात डेंगी होऊन गेल्याची खूण मिळाली. म्हणजे ज्यांना ताप आलाच नाही त्यांचा तर प्रश्नच नाही, ज्यांना आला आणि आपण दारापर्यंत पोचलो त्यांची तारीख तरी धड लिहावी की.

सरांशी फोनवर थोडी वादावादी झाली. मला फॉर्मसोबत गावचं कॅलेंडर हवंय, पालखी, आठवडी बाजार, अमावस्या, शाळा सुरू झाली तो दिवस, आणि तारखेशेजारी "सांगणाऱ्याचे शब्द" असा एक रकाना. सर म्हणतात डेटा एंट्रीवाली मुलगी वैतागेल. वैतागेलच. सोमवारी आधी तिच्याशीच बोलते, मग सरांकडे जाते.