सरकारी खातं कितव्या पायरीवर आहे, हे कसं ओळखायचं?

लातूर असो की परभणी, प्रशिक्षणाला गेलो की चहाच्या वेळी कुणीतरी अधिकारी विचारतातच, "सर, आमचं सगळं ऑनलाइन झालंय. मग एंटरप्राइझ आर्किटेक्चरमध्ये आम्ही कितव्या पायरीवर?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणजे खात्याची कामं, माहिती आणि संगणक प्रणाली एकमेकांशी कशा जोडायच्या, याचा एकत्रित आराखडा.

पायऱ्या आहेत. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या 'जीएओ'ने 2010 मध्ये असा आराखडा किती मुरलाय हे मोजायची सुधारित चौकट काढली. तिच्यात शून्य ते सहा अशा सात पायऱ्या आणि 59 निकष आहेत. आपल्याकडे असे आराखडे कसे करायचे हे सांगणारी केंद्राची चौकट 'इंडईए' (इंडिया एंटरप्राइझ आर्किटेक्चर) 2018 मध्ये आली. आराखडा मंजूर आहे का, त्याला जबाबदार अधिकारी कोण, हे तपासायलाच हवं. मी मात्र आधी शेवटच्या निविदेची फाईल मागतो. नवं पोर्टल घेण्याआधी कुणी आराखडा उघडला होता का? 'हे काम आपल्याच दुसऱ्या प्रणालीत होतं, नवीन घेऊ नये' असा एखादा शेरा आहे का? तसा एक जरी सापडला, तरी मला फार आनंद होतो. आराखडा कपाटात आणि खरेदी आपल्या वाटेने, असं दिसलं की वाईट वाटतं. तो करायला माणसं राबलेली असतात.

मग सेतू केंद्रात जाऊन उभा राहतो. सातबाऱ्यावर 'ज्ञानोबा', आधारवर 'ज्ञानेश्वर', पासबुकात आडनाव आधी. नाव जुळत नाही म्हणून अनुदान अडतं, की पुन्हा झेरॉक्स, पुन्हा प्रतिज्ञापत्र. प्रत्येक खात्याचं सॉफ्टवेअर आपापल्या जागी नीट चालतंय. नाव एकदा दुरुस्त केलं की सगळीकडे दुरुस्त व्हावं, ही जबाबदारी मात्र कुणाच्याच नावावर नाही. चौथी-पाचवी पायरी सांगणाऱ्यांनी आधी हे सोडवावं, असं माझं ठाम मत आहे.

2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यात मोडी आणि उर्दू दप्तरं खात्याखात्यांतून धुंडाळावी लागली. कोणती माहिती कुणाकडे, कोणत्या वर्षापासून, कोणत्या लिपीत, ही यादी तयार असणं हा आराखड्याचा पाया आहे, आणि तिला संगणकही लागत नाही.

आणखी एक. अख्ख्या खात्याला एकच आकडा देऊ नका. जमिनीच्या नोंदी ऑनलाइन असलेल्या कार्यालयातच आवक-जावक अजून रजिस्टरात असू शकते. मी सेवेगणिक पायरी लिहितो, आणि वर्षभराने त्याच निकषांवर पुन्हा तपासा म्हणतो.