वारा गाळणारी चाळण

'मोबाइल बंद करा हो' म्हणून म्हणून घसा बसलाय. खोडदच्या जीएमआरटीला, म्हणजे अवकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या आवारात, आज विज्ञान दिन. एरवी सामसूम असलेल्या या जागी नुसती जत्रा! पोरांचे प्रयोग, वडापावचा वास, शाळांच्या रांगा.

30 अँटेना, 45 मीटर व्यास, इंग्रजी 'Y'च्या आकारात 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या... पाठ झालेलं घडाघडा म्हणत होतो, तेवढ्यात नऊवारीतल्या एका आजींनी वर बघत विचारलं, "बाळा, एवढी मोठी चाळण. यात राहतं काय?"

खरंच की, तबकडी भरीव नाहीच, बारीक तारांची जाळी आहे. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ती किमया, म्हणून एवढं मोठं काम स्वस्तात झालं. म्हटलं, "आजी, अवकाशातल्या हायड्रोजनची रेडिओ लहर 21 सेंटिमीटरची. जाळीची भोकं त्याहून कितीतरी बारीक, म्हणून तिला ही भिंतच वाटते. वारा मात्र आरपार जातो."

"म्हंजी वारा गाळून टाकायचा अन् लहर ठेवायची."

मी हेच समजवायला सहा स्लाइड घेतो!

"आमच्या बांधापल्याड एक हाय, ती बी तुमचीच का?"

"तुमचीच, आजी."

"मग भाडं?"