दिवसाला एकच घाट

आमच्या नऊ दिवसांच्या सहलीचा नियम सासूबाईंनी घातला. "दिवसाला एकच घाट. दुसरा आला तर मी खाली उतरून एसटीने येईन." वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे, गाडी लागण्याचा इतिहास जुना. मला तेव्हा तो हट्ट वाटला होता. पुढे कळलं की सगळ्या आखणीत कामाची गोष्ट तेवढी एकच होती.

दिवाळीनंतर पुण्याहून निघालो. सह्याद्रीला टाके घालत दक्षिणेकडे जायचं, एका घाटाने कोकणात उतरायचं, दुसऱ्याने देशावर चढायचं. उतरलो तो ताम्हिणी, चढलो तो आंबेनळी, मग केळघर, कुंभार्ली, आंबा, फोंडा आणि शेवटी आंबोली. नऊ दिवसांत सात घाट. वरंधचाही विचार होता, पण रस्ता अरुंद आणि पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंदच ठेवतात. पाऊस संपल्यावरही दरडीचे दगड आणि खचलेली साईडपट्टी शिल्लक असते, म्हणून तो सोडला. तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशी भोर किंवा महाडमध्ये चौकशी करा.

आखणी किलोमीटरवर करू नका, तासांवर करा. मोबाईलचा नकाशा पोलादपूर ते महाबळेश्वर हे चाळीसेक किलोमीटर पाहून जो वेळ सांगतो, त्यात प्रतापगडाच्या फाट्यावरचा चहा नसतो, समोरून येणारी एसटी नसते आणि "जरा थांबव गं" तर नसतंच. मी घाटाला सरासरी ताशी वीस-पंचवीस धरले आणि ते बरोबर निघाले. सकाळी नऊला निघायचं, दोनच्या आत मुक्कामी पोचायचं. नऊच्या आधी नाही, कारण त्या दिवसांत दऱ्यांत धुकं साठलेलं असतं. दोननंतर नाही, कारण पोचल्यावर ती जागा पाहायला दुपार उरली पाहिजे. अंधारात घाट नको हे वेगळं सांगायला नकोच.

ताम्हिणी पहिल्या दिवसासाठी चांगला. पौड सोडलं की मुळशीचं पाणी डावी-उजवीकडे दिसत राहतं. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. हे सासूबाईंनी सांगितलं आणि मग माणगाव येईपर्यंत सांगतच राहिल्या. घाटात माकडं आहेत. त्यांना खायला घालू नका आणि काच खाली ठेवून फोटो काढू नका. आमच्या पुढच्या गाडीतून वेफर्सचं अख्खं पाकीट गेलं.

आंबेनळीत मात्र रस्ता खरोखर अरुंद होतो. आपण चढत होतो, समोरून उतरणारी एक मोठी गाडी मधोमध येऊन उभी राहिली आणि दिवे मारायला लागली. इथला नियम असा की जागा पुरत नसेल तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत तो लिहिलेला आहे. कारणही साधं आहे, चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. अर्थात कठड्याशी उभं राहून नियम वाचून दाखवण्यात अर्थ नाही. मीच पाच-सहा मीटर मागे घेतली. अशी वेळ आली तर बरोबरच्या माणसाला खाली उतरवून मागचं बघायला सांगा, मागच्या कॅमेऱ्यात गटाराची खोली कळत नाही.

एसटीचे ड्रायव्हर मात्र बघण्यासारखे. वळणाआधी हॉर्न, वळणावर गाडी पूर्ण आपल्या बाजूला, आणि जागा मोकळी असली की हात बाहेर काढून तुम्हाला पुढे बोलावणार. सुरुवातीला मी त्यांच्या मागे वैतागून होते. तिसऱ्या दिवशी केळघरला मुद्दामच एकीच्या मागे राहिले. तिने ब्रेक लावला की मी लावायचा, इतकंच काम. फक्त अंतर भरपूर ठेवा, चढावर ती कधी कधी किंचित मागे येते.

आता कुंभार्ली. कोयनानगरला मुक्काम करून सकाळी निघालो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सासूबाईंना त्यांच्या माहेरच्या घरी जाणवला होता, भांडी कशी वाजली ते त्यांनी हाताने करून दाखवलं. त्या गप्पांच्या नादात मी घाटमाथा ओलांडला आणि उतरायला लागले. गाडी चौथ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर. ताम्हिणी सहज उतरले होते, त्याचा माज होता. सात-आठ वळणांनंतर जळक्या रबरासारखा वास आला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणावर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, स्पंजवर पाय ठेवल्यासारखं, आणि गाडी थांबायला एक क्षण जास्त लागला. तो एक क्षण अजून आठवतो.

रुंद जागा बघून बाजूला घेतली. तिथेच एक ट्रकवाला दुपारचा डबा अकरालाच खात बसला होता. त्याने वास घेतला, चाकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरा." मागच्या चाकाला दगड लावला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून बंद केली आणि अर्धा तास बसलो. नवरा बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघाला होता, त्याला ट्रकवाल्यानेच थांबवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते किंवा तडकते. झालं होतं ते एवढंच की सतत घासून पॅड तापले आणि ती उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत गेली. ऑईल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, मग पायाचा दाब चाकापर्यंत पोचत नाही. पुढचा उतार पोफळीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये काढला. इंजिन ओरडतं, ओरडू द्या. ब्रेक दाबून सोडायचा, दाबून ठेवायचा नाही. न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणाऱ्यांशी मी आता बोलत नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर कसा धरून ठेवायचा ते घरीच शिकून घ्या, आणि निघण्याआधी गॅरेजमध्ये ब्रेक ऑईल किती जुनं आहे ते विचारा. मी हवा, कूलंट, वायपर सगळं पाहिलं होतं, हे तेवढं राहिलं होतं.

चिपळूणहून हायवेने संगमेश्वर, तिथून देवरुख, साखरपा आणि आंबा घाट. हा रस्ता मोठा आहे, ट्रकही तितकेच. आंबा गावात राहिलो. तिथून विशाळगड जवळ आहे, पण आम्ही गेलो नाही, गुडघ्यांनी नको म्हटलं. सकाळी पक्षी ऐकत अंगणात बसणं एवढाच कार्यक्रम होता आणि तो सगळ्यांत चांगला झाला.

सहाव्या दिवशी घाट नव्हता, आणि नेमका तोच दिवस दमवणारा गेला. कोल्हापूरच्या आसपास उसाचा हंगाम सुरू झालेला. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे दिवा नाही की लाल कापड नाही. यांना ओलांडताना घाई करू नका, दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षा जास्त हेलकावते. संध्याकाळनंतर तर या रस्त्यांवर नकोच. राधानगरीला शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण पाहिलं. पाण्याची पातळी वाढली की दरवाजे आपोआप उघडतात, ती व्यवस्था समजावून घेताना नवऱ्याचा एक तास गेला.

दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाटाकडे जाताना सकाळी धुकं इतकं होतं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. आम्ही चहा घेत तासभर थांबलो. थांबणं शक्यच नसेल तर दिवे खालच्या झोतावर ठेवा, वरच्या झोताने धुक्याची पांढरी भिंतच उभी राहते. चारी इंडिकेटर लावून चालवू नका, कोणत्या बाजूला वळताय ते मागच्याला कळत नाही. हा गव्यांचा भाग आहे. एक गवा रस्त्याकडेला दिसला की इंजिन चालू ठेवून लांबच थांबा, मागून बाकीचे येतात. आमच्या वेळी पाच आले.

गाडी लागण्याबद्दल. सासूबाईंना पुढे बसवलं, खिडकी चार बोटं उघडी, तोंडात आलेपाक, नजर लांबच्या डोंगरावर. त्यांना नऊ दिवसांत एकदाही त्रास झाला नाही. मागे बसून मोबाईलवर मॅचचा स्कोअर बघणाऱ्या त्यांच्या मुलाला मात्र दोनदा गाडी थांबवायला लागली. चालवणाऱ्याच्या हातातही बरंच असतं. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात लावला की पोटातलं सगळं एका बाजूला जातं.

घाटात पंप नाहीत आणि रेंज येते-जाते. टाकी अर्ध्यावर आली की भरा, नकाशा आधीच उतरवून ठेवा, थोडी रोकड बाळगा. स्टेपनीत हवा आहे का ते पाहा. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवले होते. लागले नाहीत.

आंबोलीला सावंतवाडीकडून चढलो. पावसाळ्यातली झुंबड नव्हती, धबधब्याची धार उरली होती. हिरण्यकेशीच्या उगमाशी बसलो. इथे सापडलेल्या एका माशाला नदीचंच नाव दिलंय, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि त्याच्यासाठी ही जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. कुंडात हात-पाय धुऊ नका.

परतीला आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत हायवे गाठला. हा दिवस लांबचा आहे, जमलं तर कोल्हापुरात एक रात्र काढा, आम्ही काढली नाही आणि पस्तावलो. साताऱ्याच्या पुढे सासूबाई झोपेतून उठल्या, खंबाटकीचा बोगदा दिसला आणि त्यांनी विचारलं, "हा मोजायचा का?" परतीच्या बाजूने घाट लागतच नाही, बोगद्यातूनच जातो, म्हणून नाही मोजला.