नागपूरची पाऊस-तापमान वही: एक्सएलएसवरून एक्सएलएसएक्सवर, लिंकांचं काम कुठवर आलं

वार्षिक एक्सेल फायली १६ (२००९ ते २०२४), त्यांच्यातून आकडे ओढणारी 'एकत्र' फाइल एक. एक्सएलएस हा एक्सेलचा जुना फॉरमॅट, एक्सएलएसएक्स नवा. १३ वर्षांच्या लिंका जुळल्या, ३ बाकी.

लिंकमध्ये, म्हणजे दुसऱ्या फाइलमधून आकडा ओढणाऱ्या सूत्रात, फाइलचं पूर्ण नाव एक्स्टेन्शनसकट (नावाच्या शेवटचं डॉट एक्सएलएस) चौकटी कंसात असतं. त्यामुळे वार्षिक फाइल नव्या फॉरमॅटमध्ये गेली तरी 'एकत्र' जुन्या एक्सएलएसकडेच बघत राहते. जुनी फाइल तिथेच पडून असेल तर एररही येत नाही, शिळे आकडे गुपचूप दिसत राहतात. म्हणून रूपांतर झालं की जुनी फाइल लगेच वेगळ्या फोल्डरात हलवा.

सर्वात कमी कटकटीचा मार्ग: आधी 'एकत्र' उघडा, मग वार्षिक फाइल उघडून 'सेव्ह अ‍ॅज'ने एक्सएलएसएक्स करा. दोन्ही उघड्या असल्या की लिंक आपोआप नव्या नावावर जाते. 'कन्व्हर्ट' वापरू नका, ते मूळ फाइलच्या जागी नवी ठेवतं. सेव्ह झाल्यावर फाइल बंद करून पुन्हा उघडा, तोवर ओळी ६५,५३६च राहतात. नंतर १०,४८,५७६ मिळतात.

आधीच रूपांतर करून बसला असाल तर डेटा टॅबमधलं 'एडिट लिंक्स', त्यात 'चेंज सोर्स'. फाइलमागे एकदाच करावं लागतं, सेलमागे नाही. नव्या एक्सेलमध्ये हेच 'वर्कबुक लिंक्स' नावाने आहे.

खरी गोची नवतप्याच्या (कडक उन्हाचे नऊ दिवस) शीटवर झाली. २५ मे ते २ जून, नऊच ओळी, पण महिन्यांच्या रेंजना (सेलच्या गटांना) इंग्रजी अक्षरांत 'मे१३', 'जून१३' अशी नावं दिलेली. जुन्या फॉरमॅटमध्ये कॉलम २५६, शेवटचा आयव्ही, त्यामुळे ही नावं चालायची. नव्यात कॉलम १६,३८४, शेवटचा एक्सएफडी. म्हणजे इंग्रजीतलं तीन अक्षरी 'मे' हा आता चक्क एक कॉलम आहे आणि 'मे१३' हा सेलचा पत्ता! एक्सेल अशा नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोर लावतं, पण तेव्हा बंद असलेल्या 'एकत्र'मध्ये जुनंच नाव राहतं. जानेवारी ते डिसेंबर, बाराही महिन्यांची तीन अक्षरी नावं यात सापडतात. उरलेल्या वर्षांसाठी रूपांतराआधीच नावांना 'टी' आणि अंडरस्कोर जोडा, मग 'एकत्र'मध्ये फाइंड-रिप्लेस. वार्षिक फाइल त्या वेळी उघडी हवी, नाहीतर सेलगणिक फाइल विचारणारी खिडकी उगवू शकते.

शोधताना 'डॉट एक्सएलएस'पुढे बंद चौकटी कंसही टाका, नाहीतर एक्सएलएसएक्सही सापडत राहतं. 'लुक इन' फॉर्म्युलाज, 'विदिन' वर्कबुक. नेम मॅनेजर, डेटा व्हॅलिडेशन, कंडिशनल फॉरमॅटिंग आणि चार्टच्या सिरीज मात्र हाताने बघाव्या लागतात. लिंक तोडूनही उघडताना 'अपडेट करू का' विचारत असेल तर चोर बहुधा तिथेच.

पडताळणीसाठी जुन्या 'एकत्र'ची प्रत ठेवून महिन्यागणिक वजाबाकीचा कॉलम केला. पाऊस मिलिमीटरमध्ये एका दशांशापर्यंत आहे, म्हणून वजाबाकी 'राउंड' फंक्शनमध्ये घाला. नाहीतर शून्याऐवजी शेपटीवाले आकडे येतात.

बाकी ३ वर्षांत फाइलचं नाव 'इनडायरेक्ट'ने (मजकुरातून पत्ता बनवणारं फंक्शन) जोडलंय. ते 'चेंज सोर्स'ला दिसत नाही, शिवाय वार्षिक फाइल बंद असली की रेफ एरर (पत्ता सापडत नाही) देतं. तिथे सरळ लिंका लिहिणं चालू आहे.