पहिलीच्या वर्गाचा फलक: मुलांच्या हाताला येईल असा

बहुतेक वर्गांत फलक मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर लागतो आणि मुलांना तो दिसतच नाही. सहा वर्षांच्या मुलांसाठी खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर, वरची चार फुटांवर ठेवा. त्याहून वर फक्त शीर्षक.

पावसाळ्यात हवामानाचा फलक हमखास चालतो, कारण तो रोज बदलतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मुलांकडूनच ऊन, ढग, रिमझिम आणि मुसळधार पाऊस काढून घ्या. दोन खिळ्यांना सुतळी ताणून बांधा. त्या दिवसाचं चित्र एका मुलाने लाकडी चिमट्याने अडकवायचं. खाली चारही चित्रांपुढे एकेक ओळ आखा, रोज योग्य ओळीत एक टिकली लावा. शनिवारी टिकल्या मोजायच्या. पहिलीला याहून चांगलं गणित कुठलं?

शीर्षकाची अक्षरं सुटी कापू नका. पूर्ण शब्द शिरोरेषेसकट अखंड कापा, अक्षर किमान दोन इंच उंच. वेगळे चिकटवलेले अनुस्वार आणि मात्रा सर्वांत आधी गळतात. मग 'रंग'चा 'रग' होतो, आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तेच वाचतं.

मैद्याची खळ दमट हवेत बुरशी धरते, झुरळंही येतात. फेविकॉल वापरा, पण कडांना ठिपके पुरेत. सगळीकडे फासला की कागद सुरकुततो. टाचण्या या वयाला नकोतच. थर्माकोलही नको, मुलं ते टोकरतात.

जागा अपुरी असेल तर निवडक 'चांगली' चित्रं लावण्यापेक्षा आळीपाळीने सगळ्यांची लावा, दर सोमवारी बदलून.