स्किप्टनचा बाजार आणि शून्यावर चार बळी

इंग्लंडमधील लीड्सहून रेल्वेने निघाले की पाऊण तासाच्या आत स्किप्टन येते. यॉर्कशायर डेल्सच्या डोंगराळ मुलखाच्या दक्षिण वेशीवरचे हे गाव. जुन्या इंग्रजीत त्याच्या नावाचा अर्थ ‘मेंढ्यांचे गाव’ असा होतो आणि आजूबाजूच्या टेकड्यांवर दगडी गडग्यांमागे चरणारे कळप पाहिले की तो अजूनही लागू पडतो. मी तेथे गेलो, तो मात्र एका क्रिकेटपटूचा पुतळा पाहण्यासाठी.

पुतळ्यापर्यंत पोचायला दुपार झाली, कारण वाटेत बाजार आडवा आला. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे चार दिवस येथील रुंद हाय स्ट्रीटच्या दोन्ही कडांना पाले लागतात. पर्यटकांसाठी मांडलेला देखावा असेल, अशी माझी समजूत होती. पण मोजे, कुत्र्यांचे पट्टे, झाडांची रोपे, पडद्यांचे कापड असा रोजच्या गरजेचा माल आणि तो हातात घेऊन, उलटसुलट करून पाहणाऱ्या स्थानिक आजीबाई पाहिल्यावर आपल्याकडच्या आठवडी बाजाराची आठवण झाली. फरक एवढाच, की घासाघीस कोणी करत नव्हते आणि आरोळ्याही बेतानेच होत्या. चीजच्या पालावरील बाईंनी तारेने कापलेला वेन्स्लीडेलचा तुकडा चाखायला दिला. पांढरा, भुसभुशीत आणि किंचित आंबट असा तो जिभेवर टेकताच मला ताज्या चक्क्याची आठवण झाली. पाव किलो घेतला. येथील पोर्क पायची ख्याती मोठी आहे, पण मी शाकाहारी असल्याने त्याविषयी मत देण्याचा मला अधिकार नाही.

रस्त्याच्या वरच्या टोकाला होली ट्रिनिटी चर्च आणि त्याला लागून किल्ला आहे. प्रवेशद्वाराच्या माथ्यावर ‘देझोर्मे’ हा फ्रेंच शब्द दगडी अक्षरांत कोरला आहे. ‘यापुढेही’ असा अर्थ असलेले हे क्लिफर्ड घराण्याचे ब्रीद. राजा आणि संसद यांच्यातील इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढणारा हा किल्ला सुमारे तीन वर्षे वेढा सोसून डिसेंबर १६४५ मध्ये शरण गेला. पुढे विजेत्यांनी त्याची पाडापाड केली आणि लेडी ॲन क्लिफर्ड या जिद्दी वारसदार बाईंनी तो पुन्हा उभारला. उभारणीला परवानगी मिळाली, ती छपरांवर तोफा चढवता येऊ नयेत या अटीवर. आतल्या चौकात त्यांनी १६५९ मध्ये लावलेले यू वृक्षाचे झाड आजही उभे आहे. आपल्याकडे किल्ला म्हटला की पडके बुरूज आणि उघडे आकाश डोळ्यांसमोर येते. येथे स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत सगळे छपराखाली आहे, त्यामुळे पाऊस सुरू झाला तरी माझे काही अडले नाही.

किल्ल्यामागून कालव्याचा एक फाटा जातो. पूर्वी तेथून चुनखडीचा दगड होड्यांत भरून नेत असत. हा फाटा ज्याला मिळतो, तो २०४ किलोमीटर लांबीचा लीड्स-लिव्हरपूल कालवा. रंगीबेरंगी, लांबोळक्या होड्यांच्या त्या धक्क्यापाशीच फ्रेड ट्रूमन यांचा ब्राँझचा पुतळा आहे.

कसोटीत ३०० बळींचा टप्पा सर्वप्रथम गाठणाऱ्या या गोलंदाजाचे पदार्पण आपल्याविरुद्धच झाले. जून १९५२, लीड्सचे हेडिंग्ले मैदान. दुसऱ्या डावात पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर बाद झाले, तेव्हा फलकावर भारताची एकही धाव नव्हती. चारांपैकी तिघे ट्रूमन यांचे बळी, गायकवाड तेवढे इंग्लंडचे दुसरे गोलंदाज बेडसर यांचे. त्यातले मंत्री म्हणजे सुनील गावसकरांचे मामा. वीस वर्षांच्या मांजरेकरांनी त्याच सामन्याच्या पहिल्या डावात १३३ धावा केल्या होत्या आणि कर्णधार विजय हजारे यांच्यासह २२२ धावांची भागी रचली होती, हे मात्र त्या चार शून्यांच्या गोष्टीत हरवून जाते.

मी पुतळ्याचे छायाचित्र दादरला माझ्या मामांना पाठवले. ते क्रिकेटचे जुने जाणकार. त्यांचे उत्तर दोन मिनिटांत आले : “छान. मांजरेकरांचे १३३ तिथे कुठे लिहिलेत का, तेवढे बघून ये.”