शेवाळाच्या टाकीत गूळ घालू का?

भाताच्या खाचरात नीलहरित शेवाळ सोडणारे शेतकरी मला हमखास विचारतात, "मॅडम, जीवामृताला गूळ लागतो, मग शेवाळाच्या टाकीत घातला तर ते झपाट्यानं वाढेल ना?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाव शेवाळाचं असलं तरी हे जिवाणू. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड एवढ्यावर आपली साखर आपणच तयार करतात. बाहेरची साखर आत घ्यायची तर पेशीच्या आवरणात तिच्यासाठी दार हवं, म्हणजे वाहून नेणारं प्रथिन. ते सगळ्या जातींकडे नसतं. प्रयोगशाळांत वाढवला जाणारा सिनेकोकॉकस ७९४२ ग्लुकोजच्या पाण्यातही उन्हावरच जगतो. त्यात ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचं ग्लुकोजसाठी दार बनवणारं जनुक घातलं, की मात्र तो साखर खायला लागतो!

त्याचा भाऊबंद सिनेकोसिस्टिस ६८०३ याची गंमत वेगळीच. त्याच्याकडे दार आहे, ग्लुकोज आत येतं, त्याला फॉस्फेट जोडला जातो आणि पुढे त्यातून ऊर्जा निघते. तरी पूर्ण अंधारात नुसत्या ग्लुकोजवर तो वाढत नाही. १९९१ मध्ये दिसून आलं, की दिवसातून ५ मिनिटं उजेड दाखवला की वाढतो. एवढ्या उजेडात प्रकाशसंश्लेषणावर पोट भरणं शक्यच नाही. तो उजेड इशाऱ्यापुरता. आणि त्याच दारातून फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, शिरलं तर हा मरतो. उलट अ‍ॅनाबीना व्हेरिॲबिलिस ही दुसरी जात फ्रुक्टोजवर अंधारातही वाढते. अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याच्या पानातल्या पोकळीत राहणारा तिचा नातलग तर वनस्पतीकडून साखर घेतो आणि बदल्यात नत्र देतो. माझ्या मते या सगळ्यात हाच खरा हुशार.

आता तुमची टाकी. ती उघडी असते. गूळ पडला की त्यावर आधी तुटून पडतात इतर जिवाणू आणि यीस्ट. त्यांचा वाढीचा वेग शेवाळापेक्षा कितीतरी जास्त. पाणी गढूळ होतं, फेस येतो, आंबूस वास सुटतो, आतला प्राणवायू संपतो आणि गढूळपणामुळे शेवाळाला ऊनही पोहोचत नाही. जीवामृतात हीच जिवाणूंची झुंबड आपल्याला हवी असते, म्हणून तिथे गूळ चालतो. टाकीत सुपर फॉस्फेट घाला, त्यानं पाणी आम्ल झालं तर थोडा चुना, आणि टाकी झाडाच्या सावलीतून बाहेर काढा.